तालुक्याच्या गावातील जनसंपर्क प्रशिक्षणार्थी

व्याख्या व व्याप्ती

जी संस्था स्वतःलाच अजून नीट ओळखत नाही, तिची ओळख लोकांना करून देण्याच्या कामावर नेमलेल्या विद्यार्थ्यास जनसंपर्क प्रशिक्षणार्थी म्हणतात. मुंबई-पुण्याकडे त्याला इंटर्न म्हणण्याची पद्धत आहे. तालुक्याच्या गावी त्याला पदनाम नसते. ‘कॉलेजातनं आलेलं पोरगं’ एवढ्यावर काम भागते. त्याचे मुख्य लक्षण म्हणजे भीती. ही भीती सुरुवातीला चुकीच्या गोष्टींची असते आणि प्रशिक्षण पूर्ण होता होता योग्य गोष्टींची होते. या दोन टोकांमधल्या प्रवासाला अभ्यासक्रमात ‘कौशल्यविकास’ असे म्हटले जाते.

नमुना म्हणून येथे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा घेतले आहे. सोलापूरपासून सुमारे ५५ आणि पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे गाव रत्नागिरी-सोलापूर महामार्गावर आहे. गावात रेल्वे येत नाही, एसटी येते. तालुक्याच्या दक्षिण टोकाला कर्नाटकाची हद्द लागते आणि तिकडच्या गावांत मराठीइतकीच कानडी चालते.

हे गाव निवडण्याचे कारण शास्त्रीय आहे. लोकांना माहिती नसते म्हणून ती पुरवावी लागते, या गृहीतकावर जनसंपर्काचे सगळे शास्त्र उभे आहे. तालुक्याच्या गावी हे गृहीतक लागू पडत नाही. एखाद्या पतसंस्थेत सकाळी अकराला अध्यक्षांची निवड झाली, तर ती किती मतांनी झाली, कोणी ऐनवेळी पाठ फिरवली आणि पडलेला उमेदवार जिना उतरताना काय म्हणाला, हे दुपारच्या चहापर्यंत सर्वांना ठाऊक झालेले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडले जाते ते काय घडले हे कळण्यासाठी नव्हे. कोणाचे नाव आले, कोणाचे राहिले आणि कोणाचे कोणाच्या आधी आले, हे तपासण्यासाठी ते उघडतात. प्रशिक्षणार्थ्याचे सगळे काम या तपासणीत उत्तीर्ण होण्याचे आहे. मात्र हे त्याला कोणत्याही वर्गात सांगितलेले नसते.

पूर्वपीठिका

या व्यवसायाचा एक आद्यपुरुष म्हणून अमेरिकेतील आयव्ही ली याचे नाव घेतात. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीची गाडी पुलावरून पाण्यात पडली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. अशा वेळी कंपन्या तोंडाला कुलूप लावून बसत. लीने काय घडले ते कंपनीच्या वतीने लिहून पत्रकारांच्या हाती दिले. यालाच जगातले पहिले प्रसिद्धिपत्रक मानतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले. न्यूयॉर्कमध्ये ही प्रथा पुढे फारशी टिकली नसावी. तालुका पातळीवर ती आजही निष्ठेने पाळली जाते.

दुसरे नाव एडवर्ड बर्नेज यांचे. त्यांनी १९२३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात तो शिकवायलाही घेतला. १९२९ मध्ये बायकांनी सिगारेट ओढावी म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेटी शिलगावून चालायला लावले आणि त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणवून घेतले. विद्यार्थी हा प्रसंग परीक्षेत मोठ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहितो आणि आपल्यालाही उद्या असेच काही करावे लागणार, या समजुतीने रात्रभर जागतो. प्रत्यक्षात मंगळवेढ्यात मिरवणुकीत कोणी कोणाच्या पुढे चालायचे हे ठरवतानाच आयोजकांची सगळी शक्ती संपते. मशालीपर्यंत गोष्ट जातच नाही.

भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली अखिल भारतीय परिषद २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन मानतात. एप्रिलच्या त्या सुमारास सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. दुपारी रस्त्यावर जनही नसतात आणि त्यांच्याशी संपर्कही नसतो, त्यामुळे हा दिवस येथे गाजावाजा न होता पार पडतो.

महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे जिल्हा माहिती कार्यालय असते आणि ‘लोकराज्य’ हे त्याचे मासिक आहे. बहुतेक तालुक्यांपर्यंत ही साखळी पोचत नाही. तालुक्याच्या सरकारी कचेरीत फलकावर ‘जन माहिती अधिकारी’ असे लिहिलेले पाहून नवा प्रशिक्षणार्थी आपला ज्येष्ठ व्यवसायबंधू भेटला म्हणून आनंदाने आत जातो. हा अधिकारी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नेमलेला असतो. माहिती आपणहून देणे हे त्याचे काम नसते; मागितल्यावर तीस दिवसांच्या मुदतीत द्यायची असते, आणि तो मुदतीचा मान राखणारा मनुष्य असतो.

प्रवेशाचे मार्ग

प्रशिक्षणार्थी तीन मार्गांनी येतो.

पहिला मार्ग विद्यापीठाचा. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग आले. विद्यार्थी त्यास ओजेटी म्हणतात, पालक ‘ट्रेनिंग’ म्हणतात आणि ज्या संस्थेत ते घडते ती ‘सही कुठे करायची?’ असे विचारते.

दुसरा मार्ग सरकारी योजनेचा. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. सुरुवातीला मुदत ६ महिन्यांची होती. हे पैसे थेट बँक खात्यात येतात. त्यामुळे प्रशिक्षणार्थी नेमके काय काम करतो याविषयी घरी जे कुतूहल असते, ते पहिल्या महिन्याचा मेसेज आल्यावर शमते.

तिसरा मार्ग ओळखीचा. तो सर्वांत जुना असून वरील दोन्ही मार्गांनी जातानाही त्याच्यावरूनच पुढे जावे लागते.

काम मिळते ते एखाद्या शिक्षणसंस्थेत, पतसंस्थेत, रुग्णालयात, दूधसंघात, साखर कारखान्यात किंवा पुढाऱ्याच्या संपर्क कार्यालयात. यांपैकी बहुतेक ठिकाणी जनसंपर्क अधिकारी नावाचे पद नसते. हे काम ज्याचे अक्षर चांगले त्याच्याकडे असते. शिक्षणसंस्थेत ते मराठीच्या प्राध्यापकांकडे असते, कारण मराठीचा प्राध्यापक बातमी, मानपत्र, शोकसंदेश आणि लग्नपत्रिका हे चारही प्रकार एकाच पेनाने लिहू शकतो अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. प्रशिक्षणार्थी आल्याचे सर्वांत खरे समाधान याच प्राध्यापकांना होते.

मुलाखत

प्रशिक्षणार्थी इंग्रजीतून स्वतःची ओळख करून देण्याचे पाठांतर करून येतो. आपली बलस्थाने कोणती, उणिवा कोणत्या, पाच वर्षांनी आपण कोठे असू, या प्रश्नांची उत्तरे त्याने आरशासमोर म्हणून पाहिलेली असतात. प्रत्यक्ष मुलाखत पुढीलप्रमाणे होते.

“कुठल्या गावचा रं तू?”

गाव सांगितले जाते.

“तिथं कुणाचा?”

वडिलांचे नाव सांगितले जाते. ते पुरेसे ठरत नाही; आजोबांचे सांगितले जाते. आजोबा लागू पडतात. आजोबांनी बाजारात कोणाला बैल विकला होता आणि तो कसा निघाला, याची उजळणी होते. बैल चांगला निघाला असल्यास नियुक्ती निश्चित होते.

“बस की मग. च्या घे.”

या मुलाखतीत आपल्याला काहीच विचारले नाही, अशी प्रशिक्षणार्थ्याची समजूत होते. वास्तविक त्याला या व्यवसायातला पहिला आणि शेवटचा धडा मिळालेला असतो: येथे माणूस त्याच्या कामावरून ओळखला जाण्याआधी नात्यावरून ओळखला जातो, आणि संस्थाही तशीच ओळखली जाते.

पोशाख व उपकरणे

पहिल्या दिवशीचा पोशाख म्हणजे इस्त्रीचा शर्ट, पट्टा आणि नाडीचे बूट. यांपैकी बूट ही चूक असते. तालुक्याच्या गावी प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात प्रतिमापूजनाने होते, प्रतिमापूजनाला पादत्राणे काढावी लागतात, आणि दिवसाला तीन-तीन कार्यक्रम असतात. पहिल्या आठवड्यात प्रशिक्षणार्थी नाड्या सोडत असताना दीपप्रज्वलन होऊन जाते आणि तो फोटो हुकतो. दुसऱ्या आठवड्यापासून तो चप्पल घालू लागतो. प्रशिक्षणाचे पहिले दृश्य फळ म्हणून याची नोंद घ्यावी.

उपकरणे थोडी असतात: मोबाइल, चार्जर, खिशाला लावलेले पेन आणि संस्थेचा जुना संगणक. या संगणकावर श्रीलिपीत टाइप केलेली बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचते तेव्हा तिच्या जागी तुटक रेषा, कंस आणि अधूनमधून एखादे प्रश्नचिन्ह उमटते. मग फोन येतो, “युनिकोडमध्ये पाठव.” संस्थेतील लिपिक युनिकोडवर विश्वास ठेवत नाही; त्याच्या मते श्रीलिपीतले अक्षर अधिक भरदार दिसते. अखेर प्रशिक्षणार्थी सगळी बातमी मोबाइलवर अंगठ्याने पुन्हा लिहितो. प्रशिक्षणाच्या काळात त्याच्यात होणारी शारीरिक वाढ मुख्यतः याच अवयवाची असते.

प्रशिक्षणार्थी मुलगी असल्यास उपकरणांत एक भर पडते: औक्षणाचे तबक. तिने विद्यापीठात संज्ञापनाचे सिद्धांत शिकलेले असले, तरी पाहुणे दाराशी आले की माध्यम-व्यवस्थापन बाजूला ठेवून निरांजन लावण्याचे काम तिच्याकडे कोणी न सांगता येते. याच वेळी तिच्या बरोबरीने रुजू झालेला मुलगा खुर्च्या मोजतो. पुढे अहवालात दोघांचीही कामे ‘कार्यक्रम व्यवस्थापन’ या एकाच शीर्षकाखाली लिहिली जातात.

प्रेसनोट

प्रेसनोट हे प्रशिक्षणार्थ्याचे प्रमुख लेखन होय. वर्गात त्याला शिकवलेले असते की सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात यावी आणि कोण, काय, कधी, कोठे, का यांची उत्तरे पहिल्या परिच्छेदात मिळावीत. तो तशी नोट लिहून नेतो. ती चार ओळींत संपते. संस्थेचे साहेब ती उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, “बाकीचं पान कुठंय?”

स्थानिक पद्धत निराळी आहे. प्रारंभी ‘संतांच्या पावन भूमीत’ असे म्हणावे लागते. हा अधिकार या गावाला निर्विवाद आहे. दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारे दामाजीपंत येथलेच, कान्होपात्रा येथलीच, चोखोबांचा अंत येथेच गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून झाला, आणि बाराव्या शतकात बसवेश्वरांचा काही काळ याच गावी गेला. अडचण एवढीच की चौघांना वंदन करून लेखक मूळ विषयाकडे, म्हणजे पतसंस्थेच्या नव्या कपाटाच्या उद्घाटनाकडे येतो, तोवर वर्तमानपत्राने दिलेली जागा संपलेली असते.

यानंतर अध्यक्षीय भाषण येते. भाषण पाऊण तास झालेले असते आणि त्यात कपाटाचा उल्लेख नसतो. प्रशिक्षणार्थ्याने त्यातून दोन वाक्ये निवडायची असतात. साहेब बोलले ते आणि साहेबांना बोलायचे होते ते, यांपैकी दुसरे निवडावे. दुसऱ्या दिवशी आपले विचार छापून आलेले पाहून साहेबांनाही ते प्रथमच पटतात.

नामावली

नामावली हा प्रेसनोटचा शेवटचा परिच्छेद असतो आणि वाचला जातो तो सर्वांत आधी. ‘यावेळी’ या शब्दाने तो सुरू होतो आणि ‘आदी उपस्थित होते’ येथे थांबतो. उपसंपादकाला जागा कमी पडली की तो शेवटाकडून कापत येतो, हे सर्व उपस्थितांना माहीत असते. म्हणून यादीत पहिल्या पाचांत असणे हा मानाचा, आणि शेवटच्या पाचांत असणे हा काळजीचा विषय मानतात.

नावापुढच्या बिरुदांचे शास्त्र स्वतंत्र आहे. ‘प्रा.’ आणि ‘प्राचार्य’ यांत एका निवृत्तीचे अंतर असते. ‘ह.भ.प.’ सुटल्यास कीर्तनात उल्लेख होण्याचा संभव असतो. ‘ॲड.’ सुटल्यास नोटीस येईल अशी भीती दाखवली जाते. ती अद्याप कोणाला आल्याचे ऐकिवात नाही. सर्वांत धोकादायक शब्द ‘माजी’ हा होय. तो चुकून लागला तर विद्यमान रागावतात आणि चुकून सुटला तर माजी खूश होतात; पण तेव्हाही विद्यमान रागावतात.

शिवाय एकाच गावात एकाच नावाच्या आणि आडनावाच्या चार व्यक्ती सापडतात. वडिलांचे आद्याक्षर घातल्यावर त्या दोनावर येतात. उरलेल्या दोघांत ‘कारखान्यावाला’ आणि ‘दुकानवाला’ असा फरक गाव करते. तो छापता येत नाही. अशा वेळी धीट प्रशिक्षणार्थी अंदाजाने एक नाव लिहून मोकळा होतो. घाबरट प्रशिक्षणार्थी तीन फोन करतो, एकदा प्रत्यक्ष घरी जातो आणि शेवटी ज्याचे नाव त्याच्याकडूनच कागदावर लिहून घेतो. तालुक्याच्या जनसंपर्कात घाबरट माणसाला भवितव्य आहे ते यामुळे. धीट मनुष्य या खात्यात साधारण एका निवडणुकीपुरता टिकतो.

स्त्री सरपंचांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. प्रशिक्षणार्थी ग्रामपंचायतीच्या फलकावरून सरपंचांचे नाव बिनचूक उतरवून घेतो. कार्यक्रमात त्या नावाने पुकारा होतो, आणि व्यासपीठावर एक गृहस्थ येऊन नारळ स्वीकारतात. बातमीत नाव बाईंचे जाते, फोटो गृहस्थांचा जातो, आणि दोन्हींखाली एकच ओळ असते. ज्या कार्यक्रमात बाई स्वतः येऊन बोलतात, त्या बातमीत मात्र प्रशिक्षणार्थ्याला काहीही जुळवावे लागत नाही. ती दहा मिनिटांत लिहून होते, हा कामाच्या सोयीचा मुद्दा म्हणूनही विचारात घेण्याजोगा आहे.

छायाचित्र

तालुक्यातील समारंभाच्या छायाचित्रात साधारण वीस माणसे आणि एक वस्तू असते. वस्तू म्हणजे फीत, नारळ, धनादेश, रोप किंवा शालेय गणवेश. सर्वांचा एक तरी हात त्या वस्तूला लागलेला असावा, असा संकेत आहे. रोप लहान असल्यास ते दिसत नाही. पण ते लावल्याचा पुरावा म्हणून वीस हात दिसतात.

ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे तो, म्हणजे गणवेश घेणारे मूल किंवा गुणवंत विद्यार्थिनी, फोटोच्या कडेला किंवा मान्यवरांच्या कोपरामागे आढळतो. प्रशिक्षणार्थ्याने फोटो काढताना हे मूल मध्यभागी आणायचा प्रयत्न केल्यास मान्यवर त्याच्यासोबत मध्यभागी येतात आणि मूळ रचना पुन्हा कायम होते. यावर व्यवसायात एकच उपाय आहे: समारंभ संपून मान्यवर जेवायला वळले की मुलाचा एक वेगळा फोटो घेऊन ठेवणे. वर्तमानपत्रे पुष्कळदा तोच छापतात. दुसऱ्या दिवशी साहेब विचारतात, “आपला कुठाय?”

वार्ताहर

वार्ताहर पत्रकार परिषदेत खडे प्रश्न विचारणार, या कल्पनेने प्रशिक्षणार्थी पहिल्या परिषदेआधी पाणी पितो. त्याने पंचवीस संभाव्य प्रश्नांची उत्तरे काढून ठेवलेली असतात. परिषदेत दोन प्रश्न येतात: प्रेसनोट ग्रुपवर टाकली का, आणि जाहिरातीचे काय झाले.

हा दुसरा प्रश्न हावरेपणाचा समजू नये. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचे मानधन बेताचे मिळते. त्याचा प्रपंच जाहिरातीच्या कमिशनवर आणि शेती, दुकान किंवा विम्याच्या एजन्सीवर चालतो. तोच सकाळी टंचाईची बातमी देतो, दुपारी वाढदिवसाची जाहिरात गोळा करतो आणि संध्याकाळी सोलापूरच्या कचेरीला दोन्ही पाठवतो. गावाविषयी त्याला जे माहीत असते त्याचा फार थोडा भाग तो छापतो, आणि त्याची खरी प्रतिष्ठा न छापलेल्या भागावर उभी असते. प्रशिक्षणार्थ्याने त्याच्याकडून जे शिकावे ते चहाच्या वेळात शिकावे. पहिला चहा प्रशिक्षणार्थी पाजतो, पुढचे वार्ताहर पाजतो. पाजणारा बदलला की संपर्क प्रस्थापित झाला असे समजावे.

बातमी आली की तिला ‘बातमी लागली’ म्हणतात. लागलेल्या बातमीचे कात्रण कापून, चिकटवून, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे असते. त्यावर जोडलेले हात, पुष्पगुच्छ आणि ‘अभिनंदन साहेब’ यांची रांग लागते. बातमी नेमकी कशाची आहे हे या रांगेतून कळत नाही; ती एकदा निधनाची होती तरीही रांग मध्येच थांबवता आली नव्हती, असे प्रकार सर्व तालुक्यांत सांगितले जातात.

स्थानिक उत्पादनाची प्रसिद्धी

मंगळवेढ्याची ज्वारी हा प्रशिक्षणार्थ्याला मिळू शकणारा सर्वांत सोपा वाटणारा विषय आहे. येथल्या खोल काळ्या जमिनीत ओल टिकून राहते आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी येते. मालदांडी ही तिची नावाजलेली जात. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. प्रशिक्षणार्थी उत्साहाने ‘सुपरफूड’, ‘ग्लुटेनमुक्त’ असे शब्द घालून पत्रक तयार करतो आणि अभिप्रायासाठी शेतकऱ्याला वाचून दाखवतो. शेतकरी शांतपणे ऐकून विचारतो, “मुक्त म्हंजे? आधी त्यात घातलं हुतं काय?”

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. पुण्याच्या ग्राहकासाठी लिहिलेले पत्रक आणि पिकवणाऱ्याला पटणारे पत्रक ही दोन वेगळी पत्रके असतात. दोघांनाही मान्य होईल असा मजकूर अखेर एकच निघतो: भाकरी पांढरीशुभ्र होते आणि चवीला गोड लागते. प्रशिक्षणार्थी तेवढाच ठेवतो. पत्रक चार ओळींत संपल्याबद्दल या वेळी कोणी तक्रार करीत नाही.

याच संदर्भात हुलजंती या गावाचा उल्लेख आवश्यक आहे. दिवाळीत तेथे महालिंगरायाची यात्रा भरते, भंडाऱ्याच्या उधळणीत पालख्यांच्या भेटी होतात आणि महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही अपार माणसे येतात. या गर्दीला कोणी प्रेसनोट पाठवलेली नसते. जनसंपर्काचा अभ्यासक हे दृश्य पाहून काही काळ आपल्या विषयाविषयी साशंक होतो. नंतर तो नामावली करण्यासाठी वही काढतो.

आणीबाणीतील जनसंपर्क

संस्थेवर बालंट आले असता काय करावे, हा अभ्यासक्रमातील सर्वांत गंभीर भाग आहे. त्यासाठी परदेशी कंपन्यांची उदाहरणे शिकवतात. मंगळवेढ्यात उदाहरण घरचेच आहे आणि ते जनसंपर्काच्या सर्व नियमांविरुद्ध जाते.

दामाजीपंत हे बहामनी राजवटीतले अधिकारी. दुष्काळ पडला, माणसे मरू लागली, तेव्हा त्यांनी बीदरच्या दरबाराची परवानगी न घेता सरकारी कोठारातले धान्य वाटले. आजच्या निकषांवर त्यांच्याकडून झालेल्या त्रुटी अशा: वाटपाचे उद्घाटन झाले नाही, पोत्यांवर कोणाचा फोटो नव्हता, लाभार्थ्यांना रांगेत उभे करून हात वर करायला सांगितले नाही, आणि वरिष्ठांना आधी कळवले नाही. परिणामी चौकशी लागली. पुढची कथा सर्वांना माहीत आहे: विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला, त्याने दरबारात रक्कम भरली आणि पावती घेतली.

कथेतले हे शेवटचे तीन शब्द प्रशिक्षणार्थ्याने अधोरेखित करावेत. साक्षात देवाला जेथे पावतीवाचून निघता आले नाही, तेथे प्रेसनोटची पोच घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडणे योग्य नव्हे. ‘नोट मिळालीच नाही’ हे वाक्य व्यवसायात वारंवार ऐकू येते, आणि त्यावर शिक्क्याच्या प्रतीइतके प्रभावी उत्तर अजून निघालेले नाही.

दुसरा निष्कर्ष तितकाच व्यवहारी आहे. गावच्या साखर कारखान्याला नाव दामाजींचे आहे, महाविद्यालयाला त्यांचे आहे, चौकाला त्यांचे आहे. कोठार उघडले तेव्हा मजकूर लिहिणारे कोणी हाताशी नव्हते. लिहिण्याजोगे काम मात्र होते. संस्थेकडे यांपैकी दुसरी गोष्ट नसली की पहिलीवर भार येतो. प्रशिक्षणार्थ्याला महिनाभरात हा भार स्वतःच्या खांद्यावर ओळखू येऊ लागतो. बोअर बंद पडलेल्या शाळेत पाण्याच्या टाकीचे रंगकाम झाल्याची बातमी तो लिहायला बसतो आणि त्याचा अंगठा थांबतो. हे थांबणे आळस समजले जाते. ते प्रशिक्षण असते.

मूल्यमापन

प्रशिक्षण संपल्यावर विद्यापीठाचा छापील नमुना भरावा लागतो. त्यात वक्तशीरपणा, संवादकौशल्य, पुढाकार आणि संघभावना असे रकाने असतात. संस्थेचे साहेब सर्व रकान्यांत ‘उत्तम’ असे लिहितात, कारण आजोबांचा बैल चांगला निघालेला असतो. प्रशिक्षणार्थ्याने स्वतः लिहायच्या अहवालात ‘माध्यम-नियोजन’ आणि ‘भागधारकांशी संवाद’ हे शब्द येतात. पहिल्याचा अर्थ ग्रुपवर टाकणे आणि दुसऱ्याचा अर्थ रुसलेल्या संचालकाच्या घरी जाऊन येणे असा असतो.

नमुन्यात नसलेली कसोटी अशी: इंग्रजीची, पत्रकारांच्या प्रश्नांची आणि बर्नेजच्या मशालींची भीती गेलेली असावी, आणि आद्याक्षरांची, क्रमाची आणि ‘माजी’ची आलेली असावी. या फरकास विद्यापीठ ४ श्रेयांक देते.

पुढील वाटचाल

प्रशिक्षित मनुष्याचे पुढे चार वर्ग पडतात. पहिला पुण्या-मुंबईच्या एजन्सीत जातो. तेथे नामावलीत माणसांऐवजी कंपन्यांची नावे असतात. रुसवे तेच असतात. दुसरा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो, कारण माहिती अधिकाऱ्याची पदे त्या मार्गाने भरली जातात आणि तयारी करीत असल्याचे सांगितल्यावर पाव्हणे पुढचे प्रश्न विचारत नाहीत. तिसरा त्याच संस्थेत राहतो आणि कालांतराने पुढच्या प्रशिक्षणार्थ्याला विचारतो, “कुठल्या गावचा रं तू?” चौथा वर्ग लहान पण महत्त्वाचा आहे. तालुक्यातल्या गावोगावच्या माणसांची नावे, आद्याक्षरे, बिरुदे आणि रुसवे ज्याच्या एका वहीत आहेत, तो फार दिवस दुसऱ्याची प्रसिद्धी करीत बसत नाही. पंचायत समितीची निवडणूक लागली की तो फ्लेक्सवर दिसू लागतो, आणि त्याची प्रेसनोट लिहायला कॉलेजातनं एक पोरगं येतं.